घाट गच्चीवर : ३७ ला १ चा चढ बांधताना ठेवलेल्या वर्षभराच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली आणि दुपारी गच्चीवरच्या खोलीत पहिला प्लायवूड कापला. करायचं आहे ते असं : कॅसलरॉक ते कुळे हा आमच्या बेळगावच्या बाजूचा, कर्नाटकातून गोव्यात उतरणारा रेल्वेघाट, त्यातल्या एका तुकड्याचं १:८७ प्रमाणातलं मॉडेल, चालत्या गाडीसकट. घाटाची चढण ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. ही चढण आहे तशीच ठेवायची, तिच्यात कमी करायचं नाही. बाकी सगळीकडे तडजोड चालेल.

कुठं तडजोड करतोय ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मन फिरणार नाही.

दूधसागर नाही. धबधबा ३१० मीटर उंच, त्याला ८७ नं भागलं की साडेतीन मीटरच्या वर जातो. माझ्या खोलीची उंची साडेनऊ फूट. छोटा धबधबा करून त्याला दूधसागर म्हणायचं मला जमणार नाही, म्हणून तो घेतलाच नाही.

अंतर. कॅसलरॉक ते कुळे साधारण २६ किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात जवळजवळ ३०० मीटर. मला दोन भिंती आणि मधला कोपरा धरून ३.९२ मीटर चढ मिळतो. खऱ्या घाटातला जेमतेम ३४० मीटरचा तुकडा.

रुळांची रुंदी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ ला १९.३ मिमी पडते. बाजारात या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिमीचे, कारण ते परदेशी १४३५ च्या गेजवर बेतलेले. पावणेतीन मिलिमीटरचा फरक समोरून बघितला की डोळ्यात भरतो. स्वतः रूळ ओतायचा विचार केला होता, पण मग वर्ष त्यातच गेलं असतं. १६.५ वर थांबलो.

जुना संच ओळखीच्या माणसाकडून ८,५०० रुपयांना घेतला. दोन डिझेल इंजिनं, सुटे रूळ, एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा भाग), चार डब्यांचे सांगाडे आणि कंट्रोलर. प्लायवूड, रिपा आणि स्क्रू मिळून ३,४००.

२८ एप्रिल

तीन रविवार चढाच्या पट्टीत गेले, आणि तिन्ही वाया.

चढ बांधायला दर ३० सेंटिमीटरवर लाकडी ठोकळे उभे केले, प्रत्येक ठोकळा आधीच्यापेक्षा ८.१ मिमी उंच. उंची मोजली जमिनीपासून. सगळं बसवल्यावर इंजिन एकटंच अर्ध्यावर घसरायला लागलं. एकट्या इंजिनानं ३७ ला १ वर असं करू नये. मग शंका आली आणि गवंड्याची पाण्याची नळी आणली. दोन टोकांचं पाणी बघितलं तर चढ निघाला ३१ ला १.

कारण साधं आहे. ही खोली मूळची उघडी गच्ची. वर पत्रे मारून तिची खोली केली, पण खालचा उतार पाणी जायला दिलेला तसाच आहे. सव्वातीन मीटरमध्ये १७ मिमी उतार. मी उतरत्या जमिनीपासून मापं घेत होतो.

गच्चीवर कुणी असं काही करणार असेल तर जमिनीला माप लावूच नका. पाण्याची नळी ४० रुपयांना मिळते. पहिल्या दिवशी आणली असती तर तीन रविवार आणि एक अख्खा प्लायवूड वाचला असता.

१२ मे

नवीन ठोकळे, सगळे नळीच्या पाण्यावर. आता सरळ भागात ३७ ला १ बरोबर येतोय.

इंजिन एकटं चढतं. दोन सांगाडे लावून चढतं. चार लावले की सरळ भागात चढतं आणि कोपऱ्यातल्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरतात. वळणाची त्रिज्या ४५७ मिमी आहे, त्याहून मोठी कोपऱ्यात बसत नाही. आपल्याकडे ब्रॉडगेजवर १० अंशाचं वळण ही सर्वांत तीव्र मर्यादा, त्याची त्रिज्या १७५ मीटर. ८७ नं भागली तर दोन मीटर. माझं वळण त्याच्या चौथाईहूनही आवळलेलं आहे, त्यामुळे चाकं रुळाच्या कडेला घासत चढतात.

खऱ्या रेल्वेत यावर उपाय आहे आणि तो मला आधी माहीत असायला हवा होता : वळणावर चढ मुद्दाम कमी ठेवतात. ब्रॉडगेजला वळणाच्या प्रत्येक अंशामागे ०.०४ टक्के. माझ्या वळणाला हा हिशोब लावता येत नाही, इतकं ते आवळलेलं आहे. म्हणून अंदाजानं कोपऱ्यात ५० ला १ केला. चार सांगाडे चढले. चढाची एकूण उंची आता बरोबर १० सेंटिमीटर आहे.

१९ मे

घाट बघायला गेलो. बेळगावहून देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा, तिथं गाडी बदलून कॅसलरॉक आणि खाली कुळ्यापर्यंत. परत त्याच वाटेनं. रुळांवरून चालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, बोगद्यात माणसाला अंग चोरायलाही जागा नाही. जे बघायचं ते खिडकीतून.

जाताना उतरणीला गाडी जेवढी हळू चालली तेवढी मी मैदानात कधी चाललेली बघितली नाही. कॅसलरॉकला आधी ब्रेक तपासले, मग हलली. उतारावर इंजिन ओढत नसतं, तरी त्याचा मोठा घोंगावणारा आवाज येत होता. तो डायनॅमिक ब्रेकचा. इंजिनाच्या मोटरी उलट जनित्रासारख्या चालतात, तयार झालेली वीज मोठ्या रोधकांत उष्णता होऊन जाते आणि ते रोधक थंड ठेवायला पंखे लागतात. आवाज त्या पंख्यांचा.

येताना कुळ्याला मागून बँकर लागले, म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं. मी शेवटच्या डब्यात जागा धरली होती. सुटताना आधी पुढून ओढ जाणवते आणि लगेच मागून एक जड, सावकाश रेटा येतो. धक्का म्हणता येणार नाही असा. हाच रेटा मला मॉडेलमध्ये हवा आहे.

वहीत लिहिलेलं : कातळ काळा, पण ओल झिरपते तिथं हिरवट. बोगद्याच्या तोंडाशी वर काजळी. रुळांच्या बाजूची माती लाल. स्लीपर सिमेंटचे.

२ जून

खानापूरच्या बाजूची लाल माती आणली, वाळवली, रव्याच्या चाळणीतून दोनदा काढली. रंग लावून असा लाल रंग मिळत नाही.

पण रुळांशेजारी टाकायच्या आधी एक गोष्ट करा. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मातीत फिरवा. मी वर्तमानपत्रावर माती पसरून फिरवलं तर पिशवीला काळ्या बारीक मिशा फुटल्या. जांभ्याच्या मातीत लोह असतंच. ते कण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक खेचून घेतं आणि मोटर आतून घासली जाते. पाच वेळा फिरवलं तेव्हा पिशवी स्वच्छ निघाली.

खडीसाठी क्रशरची भुकटी, फुकट मिळाली. खरी खडी सुमारे ५० मिमीची, म्हणजे मला साधारण अर्ध्या मिलिमीटरचे कण हवेत. तीच चाळण, खाली पीठ उडवून टाकायचं. फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर पाणी खडीवर मण्यासारखं बसतं आणि खडी तरंगते.

सांध्याच्या पात्यांजवळ फेव्हिकॉल गेलं आणि सांधा चिकटला. ब्लेडनं मोकळा करायला दोन संध्याकाळी. तिथं खडी कोरडीच ठेवायला हवी होती.

२३ जून

डबे. ठरवलं आहे की नेहमीचे निळे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे) डबे करायचे. लांबी २१.३३७ मीटर, म्हणजे २४५ मिमी. रुंदी ३७ मिमीच्या जरा वर. माउंटबोर्ड आणि जाड कार्डाचे, तयार बोगींवर. बोगी म्हणजे इथं डब्याखालची चाकांची चौकट.

पहिला डबा खूप मन लावून केला. खिडक्यांच्या गजांसाठी शिवणाचा राखाडी दोरा पातळ फेव्हिकॉलमध्ये ओढून ताठ केला, सुकवला आणि आतून एकेक गज चिकटवला. एका खिडकीला पाच-सहा मिनिटं लागतात. उजेड मागून आला की गज दिसतात. कुणाला दिसले नाहीत तरी चालेल, मी खिडकीशी बसून आलोय आणि हात गजावर ठेवलेला आठवतो.

वजनात चुकलो. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांचा ठोकताळा आहे : डब्याला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझ्या डब्याला तो १६५ ग्रॅम पडतो. त्याप्रमाणे नट भरले. चार डबे असे केले असते तर इंजिनाला चढ झेपला नसता, कारण हा ठोकताळा सपाट रुळांचा आहे. ९० ग्रॅमवर आणलं तर वळणावर डबा आतल्या बाजूला कलंडला. १२० ला स्थिर राहिला. घाटासाठी १२० च धरा.

१४ जुलै

पाऊस. दहा दिवस सूर्य नाही. बेळगावच्या जुलैला मी लहानपणापासून ओळखतो, तरी कागदी डबे उघड्या फळीवर ठेवले. दोन डबे केळ्यासारखे वाकले. प्लॅस्टरच्या कातळावर हात ठेवला की अजून थंड लागतो, म्हणजे आत ओल आहे. वर रंग दिला तो पापुद्रे धरून निघाला.

त्याहून वाईट, झाडोऱ्याखाली मी वापरलेल्या चहाचा वाळवलेला चोथा टाकला होता. त्याला पांढरी बुरशी आली आणि मुंग्यांची रांग लागली. मुलीनं आधी बघितलं. सगळा खरवडून काढला. आता लाकडाचा भुसा, रंगात उकळून, उन्हात वाळवून. पण ऊन कुठं आहे!

नवे डबे आतून-बाहेरून लाखेच्या दोन हातांनी बंद करतोय. एका खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून पेटी केली आहे, डबे तिच्यात ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये प्लॅस्टरचं काम करूच नये हे या महिन्यात शिकलो.

११ ऑगस्ट

आज परत घाटात जायचं होतं, पावसातला कातळ बघायला. शुक्रवारी, ९ तारखेला, सोनावळी आणि दूधसागर स्टेशनांच्या मध्ये मालगाडीचे डबे घसरले आणि घाट बंद झाला. बेत रद्द.

घरीच चाकं बदलली. जुन्या बोगींना प्लास्टिकची चाकं होती, ती रुळावर घाण धरतात आणि जड फिरतात. धातूची चाकं मागवली, २० आस, २,२०० रुपये. आली ती बसेनात. आस २६ मिमीचे होते, माझ्या बोगींना २४.५ लागतात. मी न मोजता मागवले होते. परत पाठवून बदलून यायला १८ दिवस आणि दोन्ही वेळचं टपाल माझ्या खिशातून.

बसवल्यावर फरक मात्र जबरदस्त. आसाच्या टोकाला मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. आता पाच डबे एका इंजिनामागे चढतात.

१५ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आज लोंढ्याचे मामा आले. मामा रेल्वेत गँगमन होते, घाटात बरीच वर्षं काढली. मी मोठ्या हौसेनं गाडी चढवून दाखवली. मामांनी दोनदा बघितली आणि विचारलं,

"चढतीया झ्याक. उतरताना?"

"उतरते की मामा, कंट्रोलर उलटा फिरवायचा."

"तसं न्हवं रं. घाट चढायला इंजिन लागतंय, उतरायला ब्रेक लागतोय. तुझ्या डब्यांना ब्रेक कुठं हाय?"

मी म्हटलं डब्यांना ब्रेक नाहीत, इंजिनच धरून ठेवतं. मामा काही बोलले नाहीत. चहा झाला, ते परत वर आले, आणि गाडी वरच्या टोकाला उभी असताना माझ्या हातून डबे जोडणारा मधला आकडा निघाला. मागचे तीन डबे सुटले.

प्लास्टिकच्या चाकांवर हे कधीच झालं नसतं. त्या डब्यांना मी उतारावर सोडून बघितलं होतं, जागचे हलत नव्हते. पण चाकं बदलल्यावर चढाची अडचण गेली आणि डबे पळायला मोकळे झाले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुरुवातीला इतके सावकाश निघाले की हात पुढे करून धरता आले असते. मी बघत राहिलो. वळणापाशी वेग आला, खालच्या टोकाला रूळ संपतात तिथून तिन्ही डबे तीन फूट खाली फरशीवर.

एक डबा कायमचा गेला. दुसऱ्याची बोगी तुटली. दोऱ्याच्या गजांचा डबा उलटा पडला, त्याला खरचटलंय फक्त.

मामा खाली बसून तुकडे गोळा करत म्हणाले, "म्हणून तिथं कॅच सायडिंग असतीया."

६ ऑक्टोबर

कॅच सायडिंग म्हणजे उतरणीवर मुख्य रुळाला फुटलेला, वर चढत जाणारा आंधळा फाटा. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीनं आधी थांबून दाखवायचं, ताब्यात आहे हे सिद्ध झालं की सांधा मुख्य रुळाला लावतात. न थांबता आली तर ती फाट्यात जाते आणि चढावर दमते. कॅसलरॉक आणि कुळ्याच्या मध्ये करंझोळ, दूधसागर आणि सोनावळी या तिन्ही ठिकाणी असे फाटे आहेत. मे महिन्यात मी त्यांच्या शेजारून गेलो आणि साधी बाजूची लाइन समजून वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

आता हा फाटा माझ्या घाटाचा मुख्य भाग होणार. धबधबा न घेतल्यानं मोकळी राहिलेली भिंत त्याला दिली.

पहिला फाटा ६० सेंटिमीटर, १५ ला १ चढता. सांध्याच्या पट्टीला बॉलपेनची स्प्रिंग लावली, म्हणजे हात सोडला की सांधा आपोआप फाट्याकडे जातो. वरून तीन डबे सोडले. सुंदर वळले, चढले, थांबले. आणि परत मागं घरंगळत आले, सांध्यावर पात्यांत चाक अडकून आडवे झाले. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

चढ वाढवला, १० ला १. डबे लवकर थांबले आणि जास्त जोरात परत आले.

रुळांवर रवा टाकून बघितला. थांबतात, पण चाकांना चिकटून रवा सगळ्या मार्गावर पसरतो आणि वीज तुटते. दोन दिवस रूळ पुसत बसलो.

२० ऑक्टोबर

जमलं. फाट्यात दोन रुळांच्या मधोमध जुन्या टूथब्रशचे केस उभे चिकटवले, दीड सेंटिमीटरच्या तुकड्यात कापून, रुळापेक्षा थोडे उंच. डब्याचे आस त्यातून जाताना केस घासतात. वर जातानाही वेग खातात आणि परत येताना धरून ठेवतात. फाट्याचा चढ परत १५ ला १ वर आणला. ब्रश नरम लागतो, कडक केसांनी डबा उचलला जातो. खर्च शून्य.

तीस वेळा डबे सोडले. एकोणतीस वेळा थांबले. एकदा सांध्याची स्प्रिंग निम्म्यावर अडकली होती, पात्याखाली खडीचा एक कण होता.

३ नोव्हेंबर

दिवाळीत फक्त बोगदा. प्लॅस्टरच्या तोंडाला दगडांच्या रेषा कोरल्या, काजळी लावली आणि पहिला डबा आत जाताच कोपरा घासून गेला. मी बोगदा डब्याच्या रुंदीला दोन्हीकडे ५ मिमी सोडून केला होता. पण बोगदा वळणावर आहे. आयसीएफ डब्याच्या बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर, मॉडेलमध्ये १७० मिमी. माझ्या वळणावर डब्याचा मध्य ८ मिमी आत येतो आणि टोकं साडेआठ मिमी बाहेर जातात. दोन्हीकडे १२ मिमी सोडायला हवं. बोगदा फोडला, परत केला.

मोजणी करायची नसेल तर सोपा उपाय : डब्याच्या मध्याला आणि टोकाला पेन्सिल बांधून हातानं वळणावरून फिरवा, ती रेघ ओढते त्याच्या बाहेर भिंत घ्या.

२४ नोव्हेंबर

उतरताना इंजिन थरथरतं. चढताना लोण्यासारखं जातं, उतरताना थांबतं-उसळतं, थांबतं-उसळतं. आठवडा वाया घालवला तो रूळ घासण्यात आणि तारा बदलण्यात. वीज व्यवस्थित होती.

उघडून बघितलं. मोटरच्या वर्मगिअरचा दांडा आत पुढं-मागं अर्धा मिलिमीटर हलतोय. चढताना तो एका बाजूला दाबून बसतो. उतरताना डबे मागून रेटतात, दांडा सुटतो, परत बसतो. म्हणून उसळी. मामा म्हणाले होते ते याही अर्थानं खरं निघालं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्या मामांकडे गेलो. ते रोज हायड्रॉलिकच्या सुट्या भागांवर काम करतात, माझं इंजिन तळहातावर घेऊन त्यांनी चष्मा बदलला. पितळी शिमच्या ०.२ मिमी पत्र्यातून दोन वॉशर पंच करून दिले. ०.४ नं दांडा जवळजवळ बसला, पूर्ण आवळायचा नाही, मोटर गरम होते. पैसे घेईनात. गणपतीला मॉडेल दाखवायला बोलवलंय.

उसळी गेली.

२२ डिसेंबर

हुबळीला गेलो. रेल्वे संग्रहालय बघितलं आणि मग स्टेशनवर १,५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून काढला. वीस मिनिटं लागली, मध्ये थांबून इंजिनांचे फोटो काढत होतो. १:८७ ला तो प्लॅटफॉर्म १७ मीटरच्या वर जातो.

कामाचं एक : जवळून बघितलेलं इंजिन कुठं मळतं. मला वाटायचं सगळीकडे काळं. तसं नाही. बोगींवर तपकिरी ब्रेकची धूळ, टाकीच्या तोंडाशी तेलाचा ओघळ, छतावर धुराच्या नळीमागे काळं, बाकी रंग स्वच्छ. घरी आल्यावर इंजिनांना मी लावलेला काळा थर पुसून काढला.

१२ जानेवारी २०२५

आता बँकर. सहा डबे, पुढे एक इंजिन, मागे एक. दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची, एकाच रुळावरून एकच वीज घेतात, म्हणून वाटलं सारखीच चालतील. तीन मीटरला पुढचं १७ सेकंद घेतं, मागचं १४. मागचं रेटत सुटतं आणि वळणावर शेवटून दुसरा डबा बाहेर उडतो. सात वेळा उडाला. एकदा इंजिनासकट.

पहिला उपाय चुकला : मागच्या इंजिनाचं वजन कमी केलं. त्यानं रेटा गेला आणि ते नुसतं चाकं फिरवत ओढलं जायला लागलं. बँकर नसल्यासारखंच.

दुसरा : इंजिनांची अदलाबदल, वेगवान पुढे. डबे उडायचे थांबले, पण मागचं काहीच काम करेना.

२ फेब्रुवारी

उपाय डायोडचा. एका डायोडमध्ये साधारण ०.७ व्होल्ट पडतात. वेगवान इंजिनाच्या तारेत १एन४००७ डायोड उलटसुलट जोडीनं घातले, म्हणजे दोन्ही दिशांना चालतं. एका जोडीनं १४ चे १५.५ सेकंद झाले, दोन जोड्यांनी १७.५. पुढच्यापेक्षा अर्धा सेकंद सावकाश, हेच हवं : सपाटीवर डबे ताणलेले राहतात आणि चढावर पुढचं दमलं की मागचं त्याला गाठून रेटा देतं. चार डायोडना ८ रुपये.

वजनासाठी पंक्चरच्या दुकानातून चाकांना लावायच्या चिकटपट्टीच्या वजनांची पट्टी, ५ ग्रॅमचे तुकडे. दोन्ही इंजिनांत ४०-४० ग्रॅम, आणि शेवटच्या दोन डब्यांत १५-१५. मागून रेटताना सर्वांत हलका डबा शेवटी ठेवायचा नाही, सर्वांत जड तिथं हवा.

सहा डबे चढले. सुटताना आधी पुढचा आकडा ताणला जातो, एकेक करत ताण मागं येतो, आणि गाडी वळणावर आली की शेवटच्या डब्याचं अंतर हळूच मिटतं. मी रुळाच्या पातळीला डोळा लावून हे किती वेळा बघितलं ते सांगता येणार नाही. कुळ्याहून निघतानाचा तो रेटा आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

वर्षाचा हिशोब : २३,६०० रुपये, त्यात वाया गेलेला प्लायवूड, फुटलेला बोगदा आणि टपाल मिळून ३,१००. प्रवासाचा खर्च वेगळा, सगळे मिळून हजाराच्या आसपास. वेळ रविवारी पाच तास धरला तर अडीचशे तासांच्या घरात, त्यातला निम्मा परत करण्यात.

राहिलेलं : खालच्या टोकाचं स्टेशन नुसतं खोकं आहे. सिग्नल नाहीत. पावसाळ्यासाठी वरून प्लास्टिकचा पडदा आणि आत बल्ब जूनच्या आधी लावायचा आहे.

आज मामांना लोंढ्याहून बोलवलं होतं. पुरणपोळीच्या जेवणानंतर कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. मामांनी गाडी वरून सोडली, सांध्याच्या एक वीत अलीकडे उभी केली आणि हात काढला. मी सांधा मुख्य रुळाला लावायला पुढं झालो तर त्यांनी बोटानं थांबवलं.

"थांब. पुरती उभी ऱ्हाऊ दे."

इंजिनामागचे डबे एकमेकांना टेकून स्थिर झाले. मग मामांनी मान हलवली, मी स्प्रिंगच्या विरुद्ध पट्टी ओढून धरली, आणि गाडी खाली गेली.